तिसरी शिट्टी: थ्रिलरचं ओपनिंग कसं लिहायचं, कसं शूट करायचं

थ्रिलर शॉर्टफिल्म करणाऱ्या बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतं, की गोष्ट चांगली आहे, शेवट तर जबरदस्त आहे, पण शेवटापर्यंत कोणी थांबतच नाही, पहिल्या दोन मिनिटांत लोकं मोबाईल काढतात. मग मी विचारतो सुरुवात काय आहे, तर बहुतेक वेळा उत्तर असं येतं की आधी ड्रोनने शहर दिसतं, मग अलार्म वाजतो, मग तो उठतो, ब्रश करतो, आरशात बघतो, चहा पितो, ऑफिसला निघतो आणि मग सहाव्या मिनिटाला त्याला ते पत्र मिळतं. अहो मग पत्रापासूनच सुरू करा ना. किंवा पत्र टाकणाऱ्या हातापासून.

माझ्या पहिल्या फिल्मची सुरुवात स्वप्नाने होती. मुलगी रानात पळतेय, मागे कोणीतरी आहे, ती पडते, किंचाळते आणि दचकून पलंगावर उठून बसते. दोन रात्री जागून शूट केलं होतं आम्ही ते. पहिल्यांदा लोकांना दाखवली तेव्हा मी पडद्याकडे न बघता लोकांकडेच बघत बसलो होतो, आणि ती पलंगावर उठली त्या क्षणी समोरच्या रांगेतले खांदे सैल पडलेले मला स्पष्ट दिसले. आत्तापर्यंत बघितलं ते खोटं होतं, त्याची काळजी करायची गरज नाही, असं आम्ही आमच्याच तोंडाने सांगून टाकलं होतं. त्यानंतर मी ओपनिंग या एकाच गोष्टीच्या मागे लागलो, पॉज करत करत, वहीत एकेक शॉट उतरवून काढत, आणि त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी दोन गोष्टी डोक्यात वेगळ्या करा, कारण त्या एकत्र कालवल्या की सगळा गोंधळ होतो. आपल्या भाषेत त्यांना छान शब्दप्रयोग आहेत. एक म्हणजे जीव टांगणीला लागणं, आणि दुसरी म्हणजे मनात शंकेची पाल चुकचुकणं. टांगणीला जीव कधी लागतो, तर काय होणार हे आपल्याला माहितीये आणि पडद्यावरच्या माणसाला माहीत नाहीये तेव्हा. आणि पाल कधी चुकचुकते, तर काहीतरी चुकतंय हे कळतंय पण काय ते कळत नाहीये तेव्हा. म्हणजे एकीकडे प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त द्यायचं आणि दुसरीकडे कमी द्यायचं. ओपनिंग लिहायला बसलात की प्रत्येक शॉटच्या बाजूला वहीत लिहा, आत्ता कोणाला जास्त माहितीये. हा एक कॉलम लिहिलात तरी अर्धं काम झालं असं समजा, खरंच.

टांगणीचं सगळ्यात साधं उदाहरण थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक याचंच. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोने आल्फ्रेड हिचकॉकची लांबलचक मुलाखत घेतली होती, त्यात हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं सांगितलंय. दोघं जण टेबलाशी बसून काहीतरी किरकोळ बोलतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो, प्रेक्षक दचकतो, पण किती वेळ, तर पंधरा सेकंद. तेच आधी बॉम्ब ठेवताना दाखवला, भिंतीवर घड्याळ दाखवलं, एक वाजता फुटणार हे सांगितलं आणि आता पाऊण वाजलाय असं दाखवलं, की मग त्यांचं तेच किरकोळ बोलणं प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. बोलणं बदललेलं नाही, बदललं काय तर आपल्याला माहीत काय आहे ते.

आता हे प्रत्यक्ष ओपनिंगमध्ये बघायचं असेल तर ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'चा पहिला शॉट बघा, आणि एकदा नाही, पाच-सहा वेळा बघा. तीन मिनिटांपेक्षा थोडा जास्त, एकही कट नाही. पहिल्याच फ्रेममध्ये हातात बॉम्ब, टायमर फिरवला जातो. तो हातवाला माणूस पळत जाऊन एका उघड्या गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. गाडीचा मालक आणि त्याच्याबरोबरची बाई येऊन गाडीत बसतात, कॅमेरा क्रेनवर चढून घराच्या छपरावरून पलीकडे उतरतो, गाडी परत दिसते. मेक्सिको-अमेरिका बॉर्डरवरचं गाव, रात्र, गर्दी. मग फ्रेममध्ये एक जोडपं चालत येतं, नवीन लग्न झालेलं, आणि तेच आपले हिरो-हिरॉईन. आता खेळ बघा. गाडी पुढे जाते, जोडपं मागे राहतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो. मग रस्त्यात बकऱ्यांचा कळप आडवा येतो, गाडी थांबते, जोडपं पुन्हा गाडीच्या बाजूला. मग चेकपोस्टवर दोघंही एकाच वेळी पोहोचतात आणि तिथला अधिकारी गप्पा मारत बसतो! गाडीतली बाई म्हणते की माझ्या डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शेवटी गाडी निघून जाते, जोडपं एकमेकांना जवळ घेतं आणि फ्रेमबाहेर धडाका.

मी त्या शॉटमध्ये नुसतं अंतर मोजलं. गाडी आणि जोडपं लांब, जवळ, लांब, जवळ, एकदम जवळ, लांब, धडाका. बस, तणावाचा सगळा ग्राफ तोच आहे. सलग ताण देऊन चालत नाही, माणूस बधिर होतो. थोडं सोडायचं, परत आवळायचं. बकऱ्या हा मला त्यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो कारण बकऱ्यांना कशाचंच काही पडलेलं नाही, त्या त्यांच्या चालीने रस्ता ओलांडतात आणि आपण इकडे खुर्चीत कळवळतो. तुमच्या ओपनिंगमध्ये बकऱ्या कोण आहेत ते शोधा. लिफ्टमध्ये सगळी बटणं दाबून जाणारं शेजारचं पोरगं असेल, सुट्ट्या पैशांवरून वाद घालणारी आजी असेल, फाटकाशी गाडी अडवून नाव-गाव लिहून घेणारा वॉचमन असेल.

याच शॉटची अजून एक गोष्ट सांगतो, आवाजासाठी. १९५८ मध्ये स्टुडिओने त्या शॉटवर श्रेयनामावली टाकली आणि खाली संगीतकार हेन्री मॅन्सिनीचं संगीत लावलं. वेल्सला ते नको होतं. त्याने स्टुडिओला ५८ पानांचं पत्र लिहून काय काय बदलायला हवं ते कळवलं होतं, आणि त्या पत्रावरून १९९८ मध्ये एडिटर आणि साउंड डिझायनर वॉल्टर मर्चने फिल्म नव्याने एडिट केली. नावं काढली, ते संगीत काढलं, आणि रस्त्यावरचे आवाज ठेवले, क्लबांतून बाहेर पडणारं वेगवेगळं संगीत आणि त्या गाडीचा रेडिओ. आता गाडी फ्रेममध्ये नसली तरी रेडिओ जवळ येतोय की लांब जातोय हे कानाला कळतं, म्हणजे बॉम्ब कुठे आहे हे आपण ऐकतोय. दोन्ही व्हर्जन लागोपाठ बघा. मॅन्सिनीचं संगीत भारीच आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही, पण ते आपल्याला सांगतं की घाबरा. रेडिओ काहीच सांगत नाही, तो नुसता वाजतो आणि भीती आपली आपणच तयार करतो. तेव्हा ढॅणढॅण म्युझिक टाकण्याआधी विचार करा की त्या जागेत खरोखर कुठला आवाज असतो, आणि तो आवाज धोक्याला चिकटवता येईल का.

घड्याळ हा पुढचा मुद्दा आणि माझा सगळ्यात आवडता. तणावाला शेवट माहीत असावा लागतो, कधी तो नाही, पण तो येणार आहे एवढं तरी. म्हणून घड्याळ. पण भिंतीवरचं घड्याळ दाखवून दाखवून आता त्याची धार गेलीये, आणि मोबाईलवरचं काउंटडाउन तर विचारूच नका. घरातली एखादी वस्तू शोधा जी आपोआप पुढे सरकते. १९९६ च्या 'स्क्रीम'मध्ये वेस क्रेव्हनने गॅसवर पॉपकॉर्नचं पॅन ठेवलंय, वरचा फॉईल फुगत जाणारं. मुलगी फोनवर अनोळखी माणसाशी बोलतेय, आधी मजेत, मग वैतागून, मग रडत, आणि तिकडे ते पॅन फुगतंय, मग जळतंय, मग घर धुराने भरतं. फोनवरचं बोलणं किती बिघडलंय हे त्या पॅनकडे बघून कळतं. आणि ती मुलगी ड्रू बॅरीमोर, पोस्टरवरचा मोठा चेहरा, तीच पहिल्या दहा-बारा मिनिटांत संपते, म्हणजे आता पुढे कोणीही सुरक्षित नाही हे एकदाच ठोकून सांगितलं.

आपल्याकडे पॉपकॉर्नच्या पॅनपेक्षा भारी वस्तू प्रत्येक घरात आहे. कुकर! त्यावर मी खाली सविस्तर येतोच.

आता पाल. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात कारण त्यांना वाटतं की कमी सांगायचं म्हणजे काहीच कळू द्यायचं नाही, मग अंधार, अर्धे चेहरे, कोणीतरी कुजबुजतंय, रक्ताचा थेंब, काचेचा तुकडा, कट कट कट. प्रेक्षकाला प्रश्नच पडत नाही कारण प्रश्न पडायला आधी काहीतरी समजावं लागतं. पाल चुकचुकवायची असेल तर नव्वद टक्के चित्र लख्ख स्वच्छ दाखवा आणि एकच तुकडा काढून घ्या.

श्रीराम राघवनच्या २०१८ च्या 'अंधाधुन'ची सुरुवात आठवा. पिक्चर घडतो पुण्यात, पण सुरू होतो कोबीच्या शेतात, भर दिवसा, उजेडात. एक ससा कोबी खातोय, शेतकरी बंदूक घेऊन त्याच्या मागे, ससा पळतो, गोळी, आणि पडदा काळा. सगळं दिसलं, काहीही लपवलेलं नाही. फक्त एक कळलं नाही, की याचा गोष्टीशी संबंध काय. आणि तो प्रश्न राघवन जवळजवळ शेवटपर्यंत खिशात घेऊन फिरतो. आपण मधे सशाला विसरतो सुद्धा, पण पूर्ण विसरत नाही. हा उधारीचा प्रकार आहे. उधारी ठेवायला हरकत नाही पण फेडायची तयारी हवी, नाहीतर लोकं पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं उदाहरण १९७४ चं, कोपोलाचा 'द कन्व्हर्सेशन'. सॅन फ्रान्सिस्कोचा युनियन स्क्वेअर, दुपारची गर्दी, कॅमेरा उंचावरून हळूहळू, इतका हळू की सुरुवातीला झूम होतोय हेच कळत नाही, खाली खाली येतो. एक मूकाभिनय करणारा कलाकार लोकांच्या नकला करत फिरतोय. आणि मधेच आवाज फाटतो, विचित्र इलेक्ट्रॉनिक खरखर. पहिल्यांदा बघताना मला वाटलं स्पीकर गेला. मग कळतं की कोणीतरी त्या चौकातल्या जोडप्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड करतंय आणि आपण त्यांच्याच मशीनमधून ऐकतोय. म्हणजे आपण मघापासून बघत नव्हतो, पाळत ठेवत होतो. साउंडवर इथेही तोच वॉल्टर मर्च, योगायोग नाही हा, त्या माणसाचा कानच तसा आहे.

शांत जागेत तणाव कसा बांधायचा यासाठी टॅरँटिनोच्या २००९ च्या 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'ची सुरुवात पुरेशी आहे. १९४१, फ्रान्स, शेतावरचं घर, माणूस लाकडं फोडतोय, मुलगी दोरीवर चादर वाळत घालतेय, चादर बाजूला करते तर लांबून जर्मन गाड्या येतायत. मग तो अधिकारी घरात येतो, अत्यंत नम्र, दूध मागतो, पितो, तारीफ करतो, कागद काढतो, शाईचं पेन भरतो. बराच वेळ आपल्याला नक्की कळत नाही की हा शेतकरी इतका आतून का आकसलाय, म्हणजे आत्तापर्यंत पालच आहे. आणि मग बोलणं चालू असतानाच कॅमेरा खाली उतरतो, फळ्यांच्या खाली, आणि तिथे माणसं तोंड दाबून पडलेली. त्या एका हालचालीत पालीची टांगणी होते. शिकायचं काय तर दोन्ही वापरता येतात, पण त्यांचा सांधा कुठे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असायला हवं. सांधा फार लवकर आला तर नम्रपणाची मजा गेली, फार उशिरा आला तर लोक कंटाळतात.

टायटल्सबद्दल थोडक्यात. १९९५ च्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपरने केलेली टायटल्स बघा, वह्या, ब्लेड, बोटांची कातडी, सुई-दोरा. खुनी पडद्यावर खूप उशिरा येतो पण त्याचे हात आपण पहिल्या काही मिनिटांतच बघितलेले असतात. तुमच्याकडे तेवढा वेळ आणि पैसा नसेल तर साध्या काळ्यावर पांढरं नाव द्या, उगाच थरथरणारा फॉन्ट नको.

आता कुकर. माझ्या दुसऱ्या फिल्मचं ओपनिंग, दोन मिनिटं दहा सेकंद, एका टू-बीएचके मध्ये दोन दिवसांत शूट केलेलं. पूर्ण सांगतो म्हणजे वरचं सगळं कसं लागू होतं ते दिसेल.

पहिला शॉट, गॅसवर कुकर, बाईचा हात शिट्टी बसवतो. बाहेर आभाळ भरलंय, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो राखाडी उजेड. आवाज, "पाऊस आला वाटतं, गच्चीवरचे कपडे काढून आणते. तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं." दुसरा शॉट, डायनिंग टेबलवर सातवी-आठवीतली मुलगी गणितं सोडवतेय, मान वर न करता "हो". दार ओढल्याचा आवाज. तिसरा, कुकरची फसफस, पहिली शिट्टी. मुलगी वहीच्या समासात एक रेघ ओढते. इथपर्यंत पस्तीस सेकंद आणि काहीही घडलेलं नाही, पण घड्याळ लागलं, तीन रेघांचं.

मग बेल. मुलगी दाराच्या भिंगातून बघते, टोपी घातलेला माणूस, हातात पार्सल. "आई घरात नाहीये, नंतर या." तो म्हणतो, "माहितीये बाळ, आत्ताच खाली गेटवर भेटल्या, म्हणाल्या मुलगी घेईल." आणि आई तर वर गेलीये, गच्चीवर! हे मुलीला माहितीये, आपल्यालाही माहितीये, त्या माणसाला माहीत नाही. या एका शब्दासाठी, खाली, आम्ही पहिल्या शॉटमध्ये गच्ची पेरली होती. कोणीही ओरडत नाही, चाकू नाही, म्युझिक नाही, एक माणूस गोड आवाजात बोलतोय आणि तो खोटं बोलतोय एवढंच. दुसरी शिट्टी. मुलगी दारापासून उलट्या पावली टेबलाशी येते आणि सवयीने दुसरी रेघ ओढते, पण आता हात थरथरतो, रेघ वाकडी.

बाहेर शांतता. तो गेला की उभा आहे कळत नाही. दाराच्या फटीतून सावली दिसतेय का ते ती बघते, आपणही बघतो. कुकरची फसफस चालू आहे, आता तिसरी होईल. मग ती फसफस हळूहळू कमी होत जाते. आणि थांबते. फक्त पाऊस. मुलगी मान वळवते. स्वयंपाकघराच्या दारातून, लांबून, कुकर दिसतो. गॅस बंद आहे. वहीवर दोनच रेघा. टायटल.

लिहिताना यात अजून एक डायलॉग होता. दाराबाहेरचा माणूस म्हणायचा, "दोन झाल्या ना, अजून एक राहिली." कागदावर वाचून आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता. एडिटला मात्र मी काढून टाकला, बराच हट्ट करून, कारण त्या एका वाक्याने तो माणूस सगळं जाणणारा राक्षस होऊन बसतो, मग गॅस बंद होण्याचं आश्चर्य वाटत नाही, त्याच्याकडून काहीही होऊ शकतं असं वाटतं. भीतीदायक वाक्य आणि उपयोगी वाक्य यात फरक असतो. एका ओपनिंगला एक पेच बस झाला.

आणि दुसरं, हाताचा शॉट. आम्ही गॅसचं बटण बंद करणारा हात शूट केला होता, मुलगी दाराशी पाठमोरी असताना मागे फोकसबाहेर एक हात येतो आणि बटण फिरवतो. दोन्ही व्हर्जन करून बघितली. हात दाखवला की आपल्याला कळतं घरात कोणीतरी आहे आणि मुलीला माहीत नाही, म्हणजे शुद्ध टांगणी, जीव घशात येतो. हात काढला की मुलगी आणि आपण एकाच वेळी तो बंद गॅस बघतो, म्हणजे पाल. कुठलं चांगलं याचं उत्तर पुढे काय आहे त्यावर ठरतं. सीन अजून चार-पाच मिनिटं चालणार असता तर मी हात ठेवला असता, कारण तेवढा वेळ ताणायला इंधन लागतं. पण आमचं तिथेच टायटल पडत होतं आणि लोकांनी टायटल बघताना मनात एकच प्रश्न घोळवावा असं मला हवं होतं, कोणी बंद केला. म्हणून हात गेला. तुम्ही तुमच्या ओपनिंगचा हा एक शॉट ओळखा, जो ठेवला तर टांगणी आणि काढला तर पाल, आणि दोन्ही कट खरोखर करून बघा, नुसतं डोक्यात ठरवू नका.

शूटिंगचं काय ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचा वेळ वाया जातो. कुकर खरा लावून डायलॉग शूट करू नका, शिट्टी तुमच्या ॲक्टरसाठी थांबत नाही. कुकर रिकामा, गॅस बंद ठेवून सगळे सीन घ्या, आणि कुकरचे आवाज वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करा. जवळून घेतलं तर शिट्टीने माइक फाटतो, मी शेजारच्या खोलीतून दार अर्धं उघडं ठेवून घेतली आणि तीच सगळ्यात खरी वाटली, कारण घरात आपण शिट्टी तशीच ऐकतो, दुसऱ्या खोलीतून. फसफस मात्र जवळून हवी. आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, फ्रिज बंद आणि फ्रिज चालू अशी दोन्ही. शांतता म्हणजे आवाज बंद करणं नव्हे, टाइमलाइनवर खरोखरचा शून्य आवाज टाकलात तर लोकांना फाइल बिघडली असं वाटतं. फसफस थांबल्यावर खाली खोलीचा तो बारीक गुणगुणणारा आवाज राहिला पाहिजे, तेव्हाच शांतता जाणवते.

मोबाईलवर शूट करत असाल तर स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर मुलगी हलली की उजेड वरखाली होतो आणि सगळी धाकधूक पळून जाते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा आणि सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट करा, लाइट लपलप करत नाही. दाराच्या भिंगाला मोबाईलची लेन्स टेकवून तो माणूस खरोखर त्यातूनच शूट करा, फुगलेलं नाक, लांब गेलेला जिना, कुठलाही इफेक्ट लागत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा याचं माझं एक साधं धोरण आहे. जोपर्यंत सगळं ठीक आहे तोपर्यंत मुलीच्या उंचीवर, तिच्या जवळ, स्टँडवर. दुसऱ्या शिट्टीनंतर आम्ही कॅमेरा लांब नेला, पॅसेजच्या टोकाला, आणि मुलीला दाराच्या चौकटीतून बघितलं, पुढे पडद्याची कड थोडी फ्रेममध्ये. कोणीतरी आडोशाने बघतंय असं वाटतं. नंतर कळतं की खरंच तिथून बघत होतं कोणीतरी. कॅमेरा हलवून हलवून भीती दाखवायची फार गरज नसते, तो चुकीच्या जागी स्थिर उभा राहिला तरी पुरतं.

एडिटला बसल्यावर पहिले दहा सेकंद काढून बघा, मग वीस. बहुतेक वेळा काही अडत नाही. आमचा कुकरच्या आधी बिल्डिंगचा बाहेरून शॉट होता, पावसाच्या ढगांचा, सुंदर आलेला, तो काढला तेव्हा मन दुखलं पण कुकरवर सुरू झालं की लोक लगेच बघायला लागले. आणि एखादा कट कुठे मारायचा कळत नसेल तर आवाज आधी आणा, चित्र नंतर. बेल वाजते तेव्हा आपण अजून वहीतली रेघ बघतोय, दार नंतर दिसतं. त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षक मुलीबरोबर दचकतो.

मग दाखवा. मित्रांना नको, ते स्क्रिप्ट वाचलेले असतात. ज्यांना काहीच माहीत नाही अशा चार-पाच जणांना फक्त ओपनिंग दाखवा, टायटलवर थांबवा आणि कसं वाटलं विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा की आता पुढे काय होईल असं वाटतंय. प्रत्येकाचं उत्तर वेगळं पण प्रश्न एकच असेल तर ओपनिंग जमलंय. आमच्याकडे एक काकू म्हणाल्या आईनेच मागच्या जिन्याने येऊन बंद केला असेल, एका मुलाने सांगितलं की सिलेंडर संपला, एक जण म्हणाला घरात आधीपासून कोणीतरी लपलंय. तिघंही गॅसबद्दलच बोलत होते. त्याआधीच्या कटला मात्र दोघांनी विचारलं होतं की पार्सलमध्ये काय होतं, म्हणून आम्ही पार्सलचा क्लोजअप काढला आणि त्या माणसाच्या हातात ते फ्रेमच्या कडेला ठेवलं.

टायटलनंतरचा सीन कुठून सुरू करायचा यावर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. अर्ध्या टीमला थेट पोलीस स्टेशन हवं होतं. शेवटी ठेवलं ते असं, की आई भिजलेले कपडे छातीशी धरून दार उघडून आत येते, स्वयंपाकघरात जाते, कुकरला हात लावून बघते आणि तिथूनच ओरडते, "अगं, दोनच शिट्ट्यांत का बंद केलास?"